विल्यम हर्शेल: आयुष्य, दुर्बिणी आणि शोध – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्शेल नेमका कोण होता?

जन्म १५ नोव्हेंबर १७३८, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. मुलगाही त्याच बँडमध्ये लागला. १७५७ मध्ये हास्टेनबेकच्या लढाईनंतर तो इंग्लंडला आला. सुरुवातीला संगीताच्या नकला उतरवून आणि शिकवण्या घेऊन पोट भरलं, मग बाथ शहरातल्या ऑक्टॅगॉन चॅपलमध्ये ऑर्गनवादक झाला. चोवीस सिंफनी त्याच्या नावावर आहेत. पस्तिशीपर्यंत तो फक्त संगीतकार होता, हे लक्षात ठेवूनच त्याचं पुढचं काम वाचावं. मृत्यू २५ ऑगस्ट १८२२, इंग्लंडमधल्या स्लाव गावी.

पंचांगातला ‘हर्षल’ तो हाच का?

हो. मराठी पंचांगांत आणि पत्रिकांत युरेनस या ग्रहाला हर्षल म्हणतात, तो याच हर्शेलमुळे. ‘प्रजापती’ हेही त्याच ग्रहाचं नाव. प्राचीन ग्रंथांतल्या नवग्रहांत हा ग्रह नाही आणि असूही शकत नाही, कारण ग्रह म्हणून तो ओळखला गेला १७८१ मध्ये.

वादक माणूस दुर्बिणी करायला का लागला?

विकतची परवडेना म्हणून. १७७३ मध्ये त्याने खगोलशास्त्राची पुस्तकं घेतली आणि एक छोटी परावर्ती दुर्बीण भाड्याने आणली. तिने भागेना. मोठ्या आरशांची लंडनमधली किंमत त्याच्या आवाक्याबाहेर होती. बाथमधला एक गृहस्थ आरसे घासण्याचा छंद सोडत होता, त्याच्याकडून हत्यारं आणि अर्धवट घासलेले आरसे हर्शेलने विकत घेतले. बैठकीच्या खोलीत सुताराने नळ्या जोडायच्या, आणि भाऊ अलेक्झांडरने निजायच्या खोलीत लेथ चालवायचा, अशी घराची अवस्था झाली. निरीक्षणांच्या वहीतली पहिली नोंद १ मार्च १७७४ ची आहे: शनीचं कडं आणि मृगातला तेजोमेघ.

त्याचे आरसे काचेचे होते का?

नाही. काचेवर चांदीचा मुलामा देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आली. हर्शेलचे आरसे धातूचे: साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग कथील. हे प्रमाण घंटेच्या काशापेक्षा कथिलाकडे खूप झुकलेलं आहे, त्यामुळे मिश्रधातू पांढराशुभ्र आणि काचेसारखा ठिसूळ होतो. कथील वाढवलं की आरसा जास्त उजळ, पण थंड होताना तडकण्याची भीती. तांबं वाढवलं की चिवटपणा येतो, पण रंग पिवळसर होतो आणि आरसा लवकर काळवंडतो. मोठ्या आरशांसाठी हर्शेलला तांब्याकडे झुकावं लागलं आणि त्याची किंमत त्याने पुढे आयुष्यभर मोजली.

ओतकामाचा क्रमही महत्त्वाचा. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील २३२ ला. दोन्ही एकदम तापवली तर कथील जळून त्याची राख वर येते आणि प्रमाण बिघडतं. म्हणून आधी तांबं, मग कथील. साच्यात ओतल्यावर चकती अतिशय सावकाश निवू द्यावी लागते. कडा आधी गार झाली आणि मधला भाग गरम राहिला की आतल्या ताणाने चकती आपोआप फुटते.

असे आरसे प्रकाश किती परत करत?

नवा, चकचकीत असताना सुमारे ६० टक्के. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचतो जेमतेम ३६ टक्के. आजच्या ॲल्युमिनियम चढवलेल्या आरशांच्या जोडीतून ७५ टक्क्यांहून जास्त पोचतो. हिशेब केला तर युरेनस ज्या ६.२ इंची (१५.७ सेंमी) आरशातून सापडला, त्याची प्रकाश गोळा करण्याची ताकद आजच्या साधारण ११ सेंमीच्या आरशाएवढी येते. शाळेतल्या दुर्बिणीला नावं ठेवण्याआधी हा आकडा आठवावा.

घासणं आणि पॉलिश करणं कसं चाले?

क्रम आजच्या हौशी आरसेकारांनाही ओळखीचा वाटेल. आधी बहिर्वक्र हत्यारावर जाड कुरुंदाची पूड आणि पाणी घालून आरसा घासायचा, म्हणजे त्याला खळगा पडतो. मग बारीक, आणखी बारीक पूड. शेवटी हत्यारावर डांबराचा थर देऊन लोहभस्माने पॉलिश. खळगा खोल असतो असं वाटतं, पण हर्शेलच्या ७ फुटी दुर्बिणीच्या (केंद्रांतर, म्हणजे आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, २.१ मीटर) आरशाच्या मध्यभागी खोली पाऊण मिलिमीटरसुद्धा नव्हती.

खरी परीक्षा पुढे असते. चांगल्या आरशाला गोलाचा नव्हे, परवलयाचा (कडेकडे गोलापेक्षा किंचित उघडत जाणारा) आकार हवा. ७ फुटी आरशात या दोन आकारांतला फरक कडेला फक्त ०.०६ मायक्रॉन येतो, तेव्हा गोलाकार राहिला तरी खपून जातं. पण १८.७ इंची, २० फुटी आरशात हाच फरक ०.२ मायक्रॉनच्या वर जातो आणि तिथे परवलय साधल्याशिवाय तारा टिंबासारखा दिसत नाही. मोजायला उपकरण नव्हतं. आरसा नळीत बसवायचा, तारा बघायचा, पुन्हा डांबरावर घ्यायचा.

‘सलग सोळा तास पॉलिश’ ही दंतकथा आहे का?

नाही, कॅरोलिन या त्याच्या बहिणीनेच ते लिहून ठेवलं आहे. आरशावरून हात न काढता तो काम करी आणि ती त्याला घास भरवी. यात हट्टापेक्षा गरज जास्त होती. घर्षणाने आरसा आणि डांबर दोन्ही किंचित तापलेले असतात. मध्येच थांबलं तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने निवतात, डांबराचा आकार बदलतो आणि पुन्हा हात सुरू केल्यावर साधलेला वक्र बिघडतो. पुढे मोठ्या आरशांसाठी त्याने पॉलिशचं यंत्र बनवलं.

त्याच्या हातून आरसे किती झाले याचा हिशेब त्याने १७९५ मध्ये दिला आहे: ७ फुटी दुर्बिणींचे किमान २००, १० फुटींचे १५० आणि २० फुटींचे सुमारे ८०. सगळे चांगले निघाले नाहीत. एकेका दुर्बिणीसाठी अनेक आरसे घासायचे आणि त्यातला उत्तम ठेवायचा, ही त्याची रीत होती.

१७८१ मध्ये घरात स्फोट झाला, तो कसा?

ऑगस्ट १७८१. हर्शेलला ३ फूट व्यासाचा आरसा हवा होता आणि एवढी चकती कोणी ओतून देईना. म्हणून त्याने बाथमधल्या १९, न्यू किंग स्ट्रीट या घराच्या तळघरातच भट्टी बांधली. साचा चिकणमातीचा, त्यात घोड्याची लीद कुटून, चाळून मिसळलेली. कुटण्याचं काम बरंचसं कॅरोलिनच्या वाट्याला आलं. लीद घालायचं कारण असं की तिच्यातलं गवत जळून साच्यात बारीक छिद्रं तयार होतात आणि वाफेला वाट मिळते.

पहिल्या वेळी साचा गळला आणि चकती निवताना तडकली. दुसऱ्या वेळी ५३८ पौंड, म्हणजे सुमारे २४४ किलो धातू भरला होता. भट्टीच फुटली आणि वितळलेला रस फरशीवर पसरला. फरशी दगडी होती. दगडातल्या ओलाव्याची क्षणात वाफ झाली आणि फरशीचे तुकडे छतापर्यंत उडाले. दोघे भाऊ आणि कारागीर दोन्ही दारांनी बाहेर पळाले, म्हणून वाचले. फरशी आधी उखडून ठेवायला हवी होती, असा शेरा कॅरोलिनने मारला आहे, आणि तो योग्यच आहे. आजही ओतशाळेत तप्त धातूखाली कोरडी वाळू ठेवतात.

युरेनस योगायोगाने सापडला ना?

असं सर्रास लिहिलं जातं आणि हर्शेलला ते मुळीच आवडत नसे. १३ मार्च १७८१ च्या रात्री दहा ते अकराच्या दरम्यान तो ठरलेलं काम करत होता. एका ठरावीक तेजस्वितेपर्यंतचा प्रत्येक तारा क्रमाने तपासायचा आणि जोडतारे (अगदी जवळजवळ दिसणारे दोन तारे) नोंदवायचे, ही आकाशाची त्याची दुसरी फेरी होती. त्या रात्री वृषभ राशीतल्या झीटा ताऱ्याच्या आसपासच्या भागाची पाळी होती. त्या रात्री जमलं नसतं तर दुसऱ्या रात्री जमलं असतं.

२२७ पट मोठं करून दाखवणाऱ्या नेत्रिकेतून (डोळ्याजवळच्या भिंगातून) एक ‘तारा’ टिंब न दिसता बिंब दिसला. मग त्याने ४६० आणि ९३२ पट नेत्रिका लावल्या. तारा कितीही मोठा केला तरी त्या प्रमाणात फुगत नाही. हे बिंब फुगलं, आणि वाढत्या वर्धनाला त्याची कडा धुरकट झाली. चार दिवसांनी, १७ मार्चला पाहिलं तर ते जागेवरून सरकलेलं होतं.

युरेनसचं बिंब ४ विकलांहूनही थोडं लहान (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा म्हणजे विकला). २२७ पट वर्धनाला ते नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राच्या साधारण निम्म्या रुंदीचं दिसतं. चांगल्या आरशातून हे ओळखू येतं. ढोबळ आरशात मात्र प्रत्येक ताराच एवढा पसरट दिसतो, मग ग्रह त्यात लपून जातो. हा शोध आधी कार्यशाळेत लागला आणि मग अंगणात, असं आम्हाला वाटतं ते यामुळे.

मग त्याआधी कोणीच पाहिला नव्हता?

पाहिला होता, ओळखला नव्हता. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये त्याला ‘३४ टॉरी’ (वृषभातला ३४ वा तारा) असा क्रमांक देऊन ताऱ्यांच्या यादीत टाकलं. टोबियास मायरने १७५६ मध्ये नोंदवला. पॅरिसच्या ल मोनिएने १७५० ते १७६९ या काळात अनेकदा नोंदवला आणि प्रत्येक वेळी तारा समजून सोडला. याच जुन्या नोंदी नंतर कक्षा काढायला अतिशय उपयोगी पडल्या.

हर्शेललाही पहिल्यांदा धूमकेतूच वाटला होता. कक्षा जवळपास वर्तुळाकार आहे आणि ती शनीच्या बरीच पलीकडे आहे, हे अँडर्स लेक्सेलसारख्या गणितज्ञांनी दाखवलं, तेव्हा ग्रह हे नक्की झालं.

नावाचा घोळ काय होता?

हर्शेलने तिसऱ्या जॉर्ज राजाच्या सन्मानार्थ ‘जॉर्जियम सिडुस’ असं नाव ठेवलं. इंग्लंडबाहेर ते कोण वापरणार? बर्लिनच्या योहान बोडेने ‘युरेनस’ सुचवलं. ब्रिटिश नाविक पंचांगाने मात्र १८५० पर्यंत हट्ट सोडला नाही.

राजाने १७८२ मध्ये वर्षाला २०० पौंड वेतन दिलं. संगीतातल्या कमाईपेक्षा ही रक्कम कमी होती. तूट भरून काढण्यासाठी हर्शेल दुर्बिणी विकू लागला. स्पेनच्या राजाने घेतलेली २५ फुटी दुर्बीण ३१५० पौंडांना गेली.

कॅरोलिन त्याची मदतनीस होती की स्वतंत्र खगोलशास्त्रज्ञ?

दोन्ही. कॅरोलिनचा जन्म १६ मार्च १७५० चा. लहानपणी टायफस तापाने तिची वाढ खुंटली, उंची चार फुटांच्या थोडी वर राहिली. घरच्यांनी तिला मोलकरणीसारखं राबवायचं ठरवलेलं. १७७२ मध्ये विल्यम तिला बाथला घेऊन आला, गाणं शिकवलं. तिला बर्मिंगहॅमहून गाण्याचं निमंत्रणही आलं होतं, ते तिने नाकारलं. पुढे दुर्बिणींनी दोघांचंही गाणं बंद पाडलं.

विल्यमने तिच्यासाठी एक लहान, रुंद दृष्टिक्षेत्राची दुर्बीण केली: आरसा ४.२ इंच, केंद्रांतर फक्त २७ इंच, वर्धन सुमारे २०. धूमकेतू शोधायला हेच लागतं. धूमकेतू पसरट आणि मंद असतो, वर्धन वाढवलं की तो पार्श्वभूमीत विरून जातो. १ ऑगस्ट १७८६ ला विल्यम परदेशी गेलेला असताना तिला पहिला धूमकेतू दिसला. दुसऱ्या रात्री तो हलल्याची खात्री होताच तिने लंडनला पत्रं धाडली. १७९७ पर्यंत एकूण आठ. त्यातला १७९५ चा धूमकेतू आज एंकेचा म्हणून ओळखला जातो. १७८८ चा पुन्हा दिसला तो थेट १९३९ मध्ये.

१७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार दिला. तिचं आम्हाला सगळ्यात मोठं वाटणारं काम मात्र टेबलावरचं आहे. फ्लॅमस्टीडच्या ताराकोशात चुका भरपूर होत्या. तिने मूळ निरीक्षणांशी एकेक नोंद ताडून चुकांची यादी केली आणि कोशातून सुटलेले साडेपाचशेहून जास्त तारे शोधून काढले. रॉयल सोसायटीने ते १७९८ मध्ये छापलं. आणि या बाईला पाढे पाठ राहत नसत! गुणाकाराचा कागद ती जवळ बाळगायची.

१८२८ मध्ये तिला लंडनच्या खगोल संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. ९ जानेवारी १८४८ ला, ९७ व्या वर्षी, हॅनोव्हरला ती वारली.

रात्रीचं निरीक्षण प्रत्यक्षात कसं चालायचं?

२० फुटी दुर्बीण लाकडी चौकटीत टांगलेली असायची आणि याम्योत्तर वृत्ताकडे, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेकडे, रोखलेली. दुर्बीण आडवी फिरवायची नाही. पृथ्वी फिरते, आकाश आपोआप समोरून सरकतं. एक मजूर दांडा फिरवून नळी साधारण दोन अंश वर-खाली करत राहायचा. दृष्टिक्षेत्र १५ कला, वर्धन १५७. उंच फळीवर उभा राहून हर्शेल दिसेल ते ओरडून सांगायचा.

कॅरोलिन खिडकीत बसायची. समोर घड्याळ, ताराकोश आणि वही. तो बोलेल ते ती पुन्हा मोठ्याने म्हणून खात्री करायची, वेळ आणि ध्रुवापासूनचं कोनीय अंतर लिहायची, दुसऱ्या दिवशी गणित करून नेमकं स्थान काढायची. ही विभागणी कशासाठी? लिहायला दिवा लागतो, आणि दिवा पाहिला की अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा तयार व्हायला वीस-तीस मिनिटं जातात. मंद तेजोमेघ तेवढ्यात निघून गेलेला असतो. एकट्या माणसाने हे काम केलं असतं तर निम्मं आकाश सुटलं असतं.

१७८३ पासूनच्या या मोजणीतून तेजोमेघ आणि तारकागुच्छांच्या तीन याद्या झाल्या: १७८६ मध्ये १०००, १७८९ मध्ये १०००, १८०२ मध्ये ५००. त्याआधी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसियेच्या यादीत शंभराच्या आसपास वस्तू होत्या.

धोकेही होते. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री वितळत्या बर्फातून धावताना कॅरोलिन पडली आणि दुर्बिणीच्या यंत्राचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला.

४० फुटी दुर्बीण यशस्वी झाली का?

दिमाखात हो, कामात फारसं नाही. आरसा सुमारे ४८ इंच (१२२ सेंमी), नळी १२ मीटर, आणि राजाने एकूण ४००० पौंड दिले. १७८५ मध्ये ओतलेली पहिली चकती १०२३ पौंडांची. ती पातळ निघाली आणि स्वतःच्याच वजनाने वाकली. १७८८ मध्ये जवळपास दुप्पट जाडजूड चकती ओतली, त्यातही एक तडकलीच.

ऑगस्ट-सप्टेंबर १७८९ मध्ये शनीचे एन्सेलाडस आणि मिमास हे उपग्रह नोंदवले गेले, तेवढी या दुर्बिणीची मोठी मिळकत. अडचणी अशा:

जाड आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला तासन् तास लागत. तोवर आरशावरून गरम हवेच्या लाटा उठत आणि प्रतिमा थरथरत राही. तांब्याचं प्रमाण जास्त असल्याने दमट हवेत आरसा लवकर काळवंडे. आजच्या आरशावरचा मुलामा धुऊन नवा चढवता येतो, खालचा काचेचा वक्र तसाच राहतो. धातूचा आरसा पुन्हा पॉलिश करायचा म्हणजे वक्रही पुन्हा साधायचा. म्हणूनच दोन आरसे आलटून-पालटून वापरण्याची योजना होती. नळी वळवायला माणसं लागत. इंग्लंडातल्या निरभ्र रात्री आधीच थोड्या, त्यातल्या तयारीत दवडणं परवडेना. म्हणून हर्शेल पुन्हा पुन्हा २० फुटीकडे वळला. त्याचं खरं शस्त्र तेच.

दुसरा आरसा काढून टाकण्याची युक्ती काय होती?

नळीच्या तळाचा मुख्य आरसा किंचित तिरका बसवायचा, म्हणजे प्रतिमा नळीच्या तोंडाशी, कडेला येते. निरीक्षकाने तिथेच नेत्रिका धरायची. एक परावर्तन वाचलं की ३६ टक्क्यांऐवजी ६० टक्के प्रकाश मिळतो. तिरकेपणामुळे प्रतिमा थोडी विकृत होते, पण केंद्रांतर व्यासाच्या बारा-तेरा पट असलेल्या दुर्बिणीत ती सहन होते. आजच्या आखूड दुर्बिणीत हा प्रयोग करू नये. तारे शेपटीवाले दिसतील.

जोडताऱ्यांचा इतका ध्यास कशासाठी?

ताऱ्यांचं अंतर मोजण्यासाठी. एकाच दिशेला दिसणारे दोन तारे, एक जवळचा आणि एक फार दूरचा, असे मिळाले तर पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा दूरच्याच्या तुलनेत किंचित हलताना दिसेल, अशी कल्पना होती. ८४८ जोड्या जमवल्या, अंतर एकाचंही निघालं नाही. निघालं ते वेगळंच: १८०३ मध्ये त्याने दाखवलं की पुनर्वसूतल्या कॅस्टरसारख्या जोड्या खरोखर एकमेकींभोवती फिरतात. गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं, याचा हा पहिला प्रत्यक्ष आधार.

सूर्य फिरतो हे त्याने कसं ओळखलं?

काही थोड्या ताऱ्यांच्या स्वतःच्या गतींवरून. आपण पुढे जात असू तर समोरचे तारे पांगताना आणि मागचे जवळ येताना दिसायला हवेत. १७८३ मध्ये त्याने दिशा सांगितली: शौरी तारकासमूहातल्या लॅम्डा ताऱ्याजवळ. आजची दिशा याच्याजवळच आहे. इतक्या तुटपुंज्या माहितीवर इतका अचूक निष्कर्ष क्वचितच निघाला असेल.

आकाशगंगेचा नकाशा मात्र चुकला, तो का?

६८३ ठिकाणी दृष्टिक्षेत्रातले तारे मोजून त्याने १७८५ मध्ये नकाशा काढला. तारे सगळीकडे सारखेच पसरलेले आहेत आणि आपली दुर्बीण कडेपर्यंत पाहते, ही दोन गृहीतकं होती. मग आठपट तारे दिसले तर त्या दिशेला खोली दुप्पट. नकाशात सूर्य मध्याजवळ आला. दोन्ही गृहीतकं चुकीची होती. तारे गुच्छांनी असतात, आणि ताऱ्यांमधली धूळ लांबचं दिसू देत नाही. धुळीचा पुरावा १९३० मध्ये खगोलशास्त्रज्ञ ट्रम्पलरने दिला. २० फुटीपेक्षा ४० फुटीतून आणखी तारे दिसू लागले, तेव्हा कड दिसत नाही हे हर्शेलने स्वतःच मान्य केलं होतं.

याच्याइतक्याच ठामपणे तो सूर्यावर वस्ती आहे असंही म्हणायचा, आणि युरेनसला त्याने नसलेले चार उपग्रह जोडले. टायटानिया आणि ओबेरॉन (११ जानेवारी १७८७) हे दोन मात्र खरे.

अवरक्त किरणांचा प्रयोग घरी करता येईल का?

येईल, आणि करावाच. हर्शेल सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा लावून बघत होता. काही काचांतून उजेड कमी येई पण डोळा भाजे, काहींत उलट. म्हणून १८०० मध्ये त्याने वर्णपटाच्या एकेका रंगात काळा केलेला तापमापक ठेवला आणि दुसरे दोन बाजूला सावलीत, तुलनेसाठी. तांबड्यात पारा ६ ७/८ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात ३ १/४, जांभळ्यात २. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे आणखी जास्त.

साहित्य: काचेचा लोलक, ३० सेंमी खोल पुठ्ठ्याचं खोकं, एकसारखे तीन-चार तापमापक (अल्कोहोलचे, पाऱ्याचे नकोत), काळा मॅट रंग. लोलक खोक्याच्या वरच्या कडेवर बसवून तळाशी सावलीत वर्णपट पाडा. तापमापकांचे फुगे काळे करा. एक निळ्यात, एक पिवळ्यात, एक तांबड्याच्या कडेच्या जरासा बाहेर, चौथा वर्णपटापासून दूर. दर मिनिटाला नोंद, पाच ते आठ मिनिटं.

फसतं ते इथे. फुगा काळा केला नसेल तर फरक दिसतच नाही. वारा असेल तर सगळे तापमापक सारखेच राहतात. खोकं खोल घेतलं तर वर्णपट पसरतो आणि उष्णता विरळ होते. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: सूर्य पाच मिनिटांत सव्वा अंश सरकतो, म्हणजे ३० सेंमीवर वर्णपट अर्ध्या सेंमीहून जास्त हलतो. ‘तांबड्याबाहेरचा’ तापमापक नकळत तांबड्यात येतो. दर मिनिटाला लोलक किंचित फिरवून रंग जागेवर आणावे लागतात.

या प्रयोगावरून ‘सूर्याची सर्वाधिक ऊर्जा अवरक्तात’ असा निष्कर्ष काढू नका. काचेचा लोलक तांबड्या टोकाला किरण दाटीने टाकतो आणि जांभळ्या टोकाला पसरवतो, म्हणून तिकडे पारा जास्त चढतो. आणि हर्शेलसारखं नेत्रिकेला रंगीत काच लावून सूर्य कधीही पाहू नये. काच तापून तडकते आणि डोळा जातो.

हर्शेलचं घर, दुर्बिणी आज कुठे पाहायला मिळतात?

बाथमधलं १९, न्यू किंग स्ट्रीट हे घर आता हर्शेल संग्रहालय आहे, कार्यशाळा आणि मागच्या बागेसह. स्लावचं घर पाडलं गेलं. ४० फुटीच्या नळीचा एक तुकडा ग्रिनिचला ठेवला आहे.

महाराष्ट्रातून युरेनस कसा पाहायचा?

सध्या तो वृषभ राशीत कृत्तिकांच्या परिसरात आहे आणि आपल्यासाठी जागा उत्तम आहे. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) साधारण २० अंश उत्तर, म्हणजे मुंबई-नाशिक-नागपूरहून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. प्रतियुती (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येण्याची वेळ) नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येते, दरवर्षी साधारण चार दिवस उशिरा. प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितका ग्रह मंद) ५.६ ते ५.८, म्हणजे शहरातून नुसत्या डोळ्यांनी नाही, पण १०×५० द्विनेत्रीतून सहज.

स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर त्या रात्रीचा नकाशा काढा, आसपासचे सहा-सात तारे वहीत उतरवा आणि द्विनेत्रीतून जागा पक्की करा. मग दुर्बीण. बिंब दिसायला किमान १०० पट, निश्चिंतपणे दिसायला २०० पट वर्धन हवं. शेजारच्या ताऱ्याशी तुलना करत नेत्रिका बदला. तारा टिंबच राहतो, हा फिकट हिरवट-निळा वाटोळा होतो. नाही झाला तर बहुधा दोष हवेचा किंवा गरम आरशाचा. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी गच्चीवर काढून ठेवा. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतं, त्यामुळे मध्यरात्रीकडचं दर्शन जास्त स्थिर. दुर्बीण डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची) असेल तर ग्रह ऐन डोक्यावर असताना ती आडवी फिरवणं जड जातं. तो पूर्वेला साठ-सत्तर अंशांवर असतानाच गाठा.

युरेनसची फेरी ८४ वर्षांची. २०३३ च्या सुमारास तो वृषभ-मिथुनाच्या त्याच सीमेवर असेल, जिथे हर्शेलने त्याला पाहिला.

हर्शेलच्या यादीतलं आणखी काय लहान दुर्बिणीत दिसतं?

कॅस्टर (५ विकलांहून थोडं जास्त अंतर, ८ सेंमी दुर्बीण आणि १०० पट पुरे). सिंहेतला गॅमा, सोनेरी जोडी. कुंभेतली एनजीसी ७००९ (एनजीसी हा तेजोमेघ-गुच्छांच्या नंतरच्या मोठ्या यादीतला क्रमांक) ही बिंबाभ्रिका, म्हणजे ग्रहासारख्या बिंबाचा तेजोमेघ, सप्टेंबर १७८२ मधली. १५ सेंमीतून हिरवट लंबगोल दिसते. वृषभातली एनजीसी १५१४ अवघड आहे, पण तिचं महत्त्व मोठं: १३ नोव्हेंबर १७९० ला मध्ये एक तारा आणि भोवती धूसर वलय पाहून हर्शेलला पटलं की सगळे तेजोमेघ म्हणजे दूरचे तारकागुच्छ नव्हेत. कॅरोलिनची एनजीसी २५३ ही दीर्घिका शिल्पकार तारकासमूहात, क्रांती उणे २५ अंश. इंग्लंडात ती क्षितिजाला टेकलेली असते, कोकणातून आणि सोलापूर-कोल्हापूरकडून चांगली ४५ अंशांहून वर येते. नोव्हेंबरात, चांदण्याविना, दक्षिणेला गावाचे दिवे नाहीत अशी जागा बघून ३० ते ४० पट वर्धनाने शोधा. जास्त वर्धन लावलं की ती हरवते.